चवथीला लेक मोटरसायकलवरून एकटी यायचं म्हणते

पत्र : आम्ही डिचोलीचे. मुलगी २७ वर्षांची, पुण्याला नोकरीत आहे. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या पैशांनी ३५० सीसीची मोटरसायकल घेतली. दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ती रात्रीच्या बसने येते. यंदा म्हणते, "आई, मी गाडी घेऊन येणार, एकटीच." आदल्या रात्री ११ वाजता तिचं काम सुटतं. मग दोन-तीन तास झोपून पहाटे ३ ला निघायचं आणि दुपारी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला घरात हजर व्हायचं, असा तिचा हिशेब. लहान होती तेव्हापासून माटोळी ती आणि तिचे बाबा मिळून बांधतात. पण हे ऐकल्यापासून ह्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलंय. खाणी बंद होईपर्यंत हे टिप्पर चालवायचे, रस्त्यावर काय काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. बेळगावला शहापुरात माझी नणंद असते, ती म्हणते, मुलीच्या जातीने एवढं धाडस करायचं कशाला? मला दोन्हीकडचं पटतं आणि रात्री झोप लागत नाही. तिला अडवू की येऊ देऊ?
— एक आई, डिचोली

ताई,

तिला अडवू नका. अडवायचंच असेल तर ते पहाटे ३ वाजताचं निघणं अडवा.

तुमच्या घरात सगळ्यांना ती एकटी येतेय याची धास्ती आहे. मला पत्र वाचताना धास्ती वाटली ती तिच्या झोपेची. दिवसभर काम, रात्री ११ ला सुटका, घरी जाऊन जेवण, बॅग भरणं, आणि उद्या निघायचंय या हुरहुरीत डोळ्याला डोळा लागणार तो किती? पहाटे २ ते ६ हा शरीराचा सगळ्यांत सुस्त वेळ असतो, माणूस कितीही तरुण असला तरी. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांत दिसून आलेलं आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी आपल्या कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. दारूचा थेंब न घेता आपली शहाणी मुलगी त्या मर्यादेपलीकडे जाऊन हँडल धरणार, हे तिच्या लक्षात आलेलं नाही. गाडीत पेंगुळलेला माणूस निदान चार चाकांवर असतो. दोन चाकांवर एका डुलकीलाही जागा नसते.

आणि पहाटे ३ ला निघायची घाई तिला कशामुळे झालीय? माटोळीमुळे. म्हणजे तुमच्यामुळेच, ताई. हा दोष म्हणून सांगत नाही. घरी जाणारा प्रत्येक जण घरच्यांच्या वेळेला बांधलेला असतो. पुढे जेवण थांबलंय, आरती थांबलीय, बाबा माटोळीचा सांगाडा टांगून वाट बघतायत, हे डोक्यात असलं की माणूस पाऊस वाढला तरी थांबत नाही, भूक लागली तरी थांबत नाही, आणि अंधार पडला तरी 'आता एवढाच तर घाट राहिला' म्हणून पुढे रेटतो. एकट्या माणसाला 'थांब गं जरा' म्हणणारं मागे कोणी नसतं. ते म्हणायचं काम घरच्यांनी आधीच करून ठेवायचं असतं. म्हणून तिला पहिलं वाक्य हे सांगा : "तू उशिरा आलीस, दुसऱ्या दिवशी आलीस, तरी चालेल. काहीही अडणार नाही." आणि ते मनापासून सांगा, कारण मुलांना आईचा आवाज बरोबर कळतो.

आता दिवसाचा हिशेब मांडू. पुणे ते बेळगाव साधारण ३४० किलोमीटर, आणि बेळगावहून चोर्ला घाटाने डिचोली आणखी शंभरेक. मोबाईलवरचा नकाशा याला जो वेळ दाखवतो तो चारचाकीचा, आणि तोही न थांबता. पावसाळ्यात दुचाकीवर चहा, पेट्रोल, रेनकोट चढवणं-उतरवणं हे सगळं धरून तासाला ४५ ते ५० किलोमीटर झाले तरी उत्तम झालं म्हणायचं. सातारा ते कागल या पट्ट्यात रुंदीकरणाचं काम गेली कित्येक वर्षं चाललेलं आहे, त्यामुळे पुलांपाशी अचानक वळवलेला रस्ता, खडी, चिखल हे गृहीत धरावं. म्हणजे अख्खा प्रवास नऊ-दहा तासांचा. सकाळी झोप पुरी करून निघाली तरी कागदावर एका दिवसात बसतो. पण एक पंक्चर झालं, कोल्हापूरला तासभर पाऊस कोसळला, की जांबोटीच्या पुढे जंगलात संधिप्रकाश गाठतो. तीच वेळ टाळायची आहे.

आणि तुमच्याकडे तर एक मोठी सोय आहे, जी सगळ्यांकडे नसते. शहापुरात आत्याचं घर! तिने एक दिवसाची जास्त रजा घ्यावी. रात्री ११ ला काम सुटलं की घरी जाऊन पोटभर झोपावं, सकाळी ८ च्या सुमाराला निघावं. खंबाटकी चढून साताऱ्याच्या आसपास नाश्ता, कोल्हापूरला जेवण, तेही हलकं. तांबडा-पांढरा रस्सा परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावा, कारण दुपारी २ ते ४ ही झोपेची दुसरी वेळ असते आणि भरल्या पोटी ती जास्त जोर धरते. दर ८०-१०० किलोमीटरला गाडी उभी करून हेल्मेट काढायचं, दहा मिनिटं चालायचं, पाणी प्यायचं. असं रमतगमत आली तरी ४ च्या सुमाराला बेळगाव येतं. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं जरा विरलं की निघायचं, आणि घाट उतरून दुपारच्या जेवणाआधी घरी. माटोळीसुद्धा हुकत नाही. तुमच्या डिचोलीच्या बाजारातून बाबांनी कांगलां, कवंडळां, चिबूड, सुपारीचे घोस आणून ठेवावेत, बांधायला दोघं असतीलच.

नणंदबाईंना धाडसाबद्दल समजावत बसू नका. त्यांना एवढंच विचारा, की भाची एक रात्र येईल, ओले बूट वाळवायला जागा आणि आंघोळीला गरम पाणी मिळेल ना? आणि त्या रात्री तिला उपदेश करायचा नाही, लवकर झोपू द्यायचं. माझी खात्री आहे, भाची दारात गाडी लावून हेल्मेट काढेल तेव्हा आत्याचं मत थोडं तरी हलेल.

घाटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला तिथेच भीती वाटणार आहे आणि तिथेच काही गोष्टी माहीत असायला हव्यात. बेळगावहून येताना चोर्ला रस्ता आधी अलगद चढतो. जांबोटी, मग कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. तोवर घाट असा जाणवतच नाही, खड्डे मात्र जाणवतात. खरा उतार गोव्याच्या बाजूला, चोर्ल्यापासून खाली केरीपर्यंत. पावसाळ्यात वर धुकं इतकं दाट असतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो. अशा वेळी हेडलाइट खालच्या झोतावर ठेवायचा. वरचा झोत धुक्यावर आपटून उलट आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची सवय अनेकांना लागलीय, ती चुकीची आहे, आपण कुठे वळतोय ते मागच्याला कळतच नाही. उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनच्या ओढीवर उतरायचं, ब्रेक दाबून धरत उतरायचं नाही. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलांच्या जोडावरच्या लोखंडी पट्ट्या, झाडाखालचा पालापाचोळा आणि बाजूच्या दरडीतून वाहून आलेली तांबडी माती, या चार ठिकाणी गाडी सरळ ठेवायची, तिथे ना ब्रेक, ना वळण. बसला वळणावर ओलांडायचं नाही, मग बस कितीही रखडो.

आणि वेग. ताशी ८० ने चाललेली गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढे गुरं बसलेली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत ताज्या डोळ्यांच्या माणसालाही सेकंद-दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच २०-३० मीटर रस्ता संपलेला असतो. ताशी ६० च्या तुलनेत ८० ला थांबायचं अंतर नुसतं ब्रेकचंच धरलं तरी पावणेदोनपट होतं, आणि ओल्या रस्त्यावर ते आणखी लांबतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या रात्री गुरं डांबरावर येऊन बसतात, हे तुम्ही साखळी गावच्या रस्त्यावर पाहिलंच असेल. काळं जनावर, काळा रस्ता, वर पाऊस. माझा अंधाराला एवढा विरोध आहे तो त्यासाठी.

फोनचं आत्ताच ठरवून टाका. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, दुसऱ्या दिवशी जांबोटी आणि शेवटी साखळी, या ठिकाणी थांबल्यावर तिने एका ओळीचा मेसेज करायचा. मधे तुम्ही फोन करायचा नाही. गाडी चालवताना खिशात फोन वाजू लागला की मन तिकडे जातं. जांबोटीच्या पुढे घाटात नेटवर्क येतं-जातं, बराच वेळ जातंच. तिथे तिचा फोन 'संपर्क क्षेत्राबाहेर' लागला तर ती वाईट बातमी नाही, तो घाट तसाच आहे. हे तुम्हाला आधीच माहीत असलं तर ते दोन तास जरा सुसह्य होतील. जांबोटीच्या मेसेजनंतर तीन तास उलटले आणि साखळीचा मेसेज आला नाही, तर मात्र वाट बघू नका. आधी तिला, मग ११२ ला फोन. हा नंबर कर्नाटकात आणि गोव्यात दोन्हीकडे चालतो. गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर १०३३. हे नंबर, तिचा रक्तगट आणि तुमचा व आत्याचा फोन कागदावर लिहून प्लास्टिकच्या पाकिटात जॅकेटच्या खिशात ठेवायला सांगा. फोन तिच्या अंगावर असावा. हँडलवर लावलेला फोन, गाडीपासून माणूस दूर फेकला गेला तर कामाला येत नाही.

ती मुलगी आहे म्हणून दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात, कारण त्या कोणी उघडपणे बोलत नाही. स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने आपल्या मुली प्रवासात पाणी पीत नाहीत. रेनकोट, जॅकेट आणि हेल्मेटच्या आत घाम भरपूर जातो. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, चिडचिड होते, अंदाज चुकायला लागतात. पुणे-बेळगाव महामार्गावर मोठे पेट्रोलपंप आणि गजबजलेली हॉटेलं ठिकठिकाणी आहेत, तिथे थांबायचं आणि पोटभर पाणी प्यायचं. पाळीचे दिवस त्यातच आले तर निघायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं, आणि नाही म्हणाली तर घरात कोणी 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणायचं नाही. दुसरं, थांबायची जागा वर्दळीची निवडावी. कोणी चौकशी केलीच, "एकट्याच निघालात?", तर "मंडळी पुढे थांबलीत" एवढं म्हणून निघावं. आपण आत्ता कुठे आहोत ते सोशल मीडियावर घरी पोचल्यावर टाकावं. चालू लोकेशन तुम्हाला आणि आत्याला, बस्स.

बाकी एकटीने गाडी चालवणं हे चारजणांच्या जथ्यापेक्षा जास्त धोक्याचं, असं मला वाटत नाही. जथ्यात पुढच्याला गाठायच्या नादात माणूस आपल्या कुवतीपेक्षा वेगाने जातो. एकटीला तिचा स्वतःचा वेग असतो, वाटेल तिथे थांबता येतं, कोणाची मर्जी राखावी लागत नाही. कोल्हापूरच्या उसाच्या हिरव्यातून बेळगावच्या लाल मातीत, तिथून जांबोटीच्या रानात, आणि वळणामागून एकदम खाली अंजुणे धरणाचं पाणी, हे सगळं बसच्या पडद्याआड झोपून कधीच कळत नाही. ही मुलगी दर वर्षी रात्री झोपून घरी यायची. यंदा तिला ती वाट जागेपणी, स्वतःच्या हाताने कापायची आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. एकटीला जड जातं ते काही बिघडल्यावर, म्हणून तयारी त्यासाठी करायची.

इथे मला तुमच्या ह्यांच्याशी बोलायचंय. ज्यांनी २०१२ च्या आधी डिचोली, साखळी, उसगावच्या रस्त्यांवर टिप्पर चालवलाय, त्या माणसाची भीती खोटी नसते. रांगेने धावणाऱ्या गाड्या, पावसात रस्त्यावर पसरलेला खनिजाचा चिखल, आणि मधे सापडलेली दुचाकी, हे त्यांनी वरून, केबिनमधून पाहिलंय. पण नेमकं म्हणूनच त्यांचं गप्प बसणं मला परवडणारं वाटत नाही. अवजड गाडीच्या चालकाला आरशात काय दिसतं आणि काय दिसत नाही, मोठी गाडी वळताना मागची चाकं कशी आत येतात, चढावर दमलेला ट्रक कधी मागे घसरू शकतो, हे तिला युट्यूबवर कोणी सांगणार नाही. बाबा सांगू शकतात. त्यांना म्हणा, बोलायचं नसेल तर नका बोलू, पण व्हिडिओ कॉलवर तिची गाडी तरी बघा.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. टायरच्या खाचा किती उरल्यात. हवा गाडी थंड असताना, कंपनीने लिहून दिलेल्या दाबाइतकी भरलीय का. गाडीची चेन सैल आहे का, तिला तेल आहे का. पावसात भिजल्यावर ते धुऊन जातं, म्हणून बेळगावला मुक्कामी पुन्हा लावायचं. ब्रेकपॅड. क्लचची जादा केबल. तारांची चाकं असतील तर बहुधा आत ट्यूब असते, म्हणजे पंक्चर रस्त्यात स्वतः काढणं तिला जमणार नाही, पंक्चरवाला गाठावा लागेल, तो वेळ हिशेबात धरायचा. ट्यूबलेस असेल तर पंक्चरचं किट आणि छोटा पंप घेऊन, निघण्याआधी एकदा घरीच सराव करून बघायचा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा तिच्या गाडीला ते असणार. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच, ओल्या रस्त्याला कोरडा करत नाही. हे वाक्य बाबांच्या तोंडून गेलं तर जास्त लागू पडेल.

सामान पाठीवर नको, गाडीच्या दोन्ही बाजूंना, खाली आणि घट्ट. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, पूर्ण तोंड झाकणारं. रेनकोट भडक रंगाचा. हातमोजे ओले झाले की बोटं गारठतात आणि क्लच दाबला जात नाही, म्हणून एक कोरडी जोडी जवळ असावी.

आणि ती जास्तीची रजा मिळालीच नाही तर? तर यंदा बसने यावं. यावर मी हटणार नाही. थकून, अर्ध्या झोपेत, दुपारची वेळ गाठायला चोर्ला उतरणं हा प्रवास नव्हे. पावसाळा गेला की दिवाळीला तीच वाट तिला कोरडी मिळेल, आणि तेव्हा तुम्ही स्वतः तिला "ये" म्हणा.

शेवटी परतीचं, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असेल तर दोन दिवस आरत्या, घुमटवादन, पाहुणे, स्वयंपाक, आणि मग विसर्जन. त्यानंतर कोणाच्याही अंगात त्राण नसतं. बहुतेक मुलं त्याच रात्री किंवा दुसऱ्या पहाटे निघतात, कारण कामावर हजर व्हायचं असतं. येताना जेवढी काळजी घेतली ती जाताना सगळी वाया जाते. तेव्हा परतीचा दिवस आत्ताच ठरवा : विसर्जनानंतर एक पूर्ण दिवस घरी झोप, मग सकाळी उजाडल्यावर निघून बेळगावला पुन्हा मुक्काम. एवढी रजा नसेल तर मोटरसायकल डिचोलीतच राहू दे. ती बसने जाईल आणि दिवाळीला येऊन गाडी घेऊन जाईल. तोवर पावसाचे शिंतोडे लागणार नाहीत अशी जागा पडवीत करून द्या. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा गाडी चालू करून फिरवून आणायला लागेल, ते काम तिच्या बाबांकडे द्या.